बॉनेटखालचं कुंकू

आमच्या घरात जोरात चालायची कुणाला परवानगी नव्हती. मुखेडच्या त्या दोन खोल्यांत भिंतीला लागून पुठ्ठ्याचे डबे छतापर्यंत रचलेले असत आणि कुणी धप्पकन पाऊल टाकलं, की भिंतीतून बारीक किणकिण निघे. पाहुण्यांना तो आवाज गोड वाटायचा. आम्ही मात्र काच फुटली का, ते ऐकायचो. अम्मीने पाटा-वरवंटासुद्धा अंगणात नेऊन ठेवला होता. उन्हाळ्यात डोक्यावर ओला टॉवेल टाकून ती तिथेच शेंगदाण्याची चटणी वाटायची आणि आम्ही पोरं भाकरी हातात घेऊन दबक्या पावलांनी तिच्याभोवती घुटमळायचो. अब्बा मनियार होते. जांब, बाऱ्हाळी, मुक्रमाबाद आणि आमचं मुखेड अशा आठवडी बाजारांत बसून बायकांना बांगड्या भरायचे. ते बायकांच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडेच बघत. रस्त्यात एखादीने सलाम-रामराम केला तर ओळखायचे नाहीत. त्याच बाईने बाजारात मनगट पुढे केलं, की तिच्या थोरल्या सुनेची खुशाली विचारायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि बाजारात मराठी. इथे मी बहुतेक सगळं मराठीतच लिहिते आहे. मामूंचं काही बोलणं तेवढं तसंच राहू दिलंय, कारण मराठीत ते मामूंचं वाटत नाही.

एका वर्षी जांबच्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि एका बाजूने सगळं खोदून ठेवलेलं होतं. जांबहून परत येताना अब्बा मोटारसायकलसकट त्या खड्ड्यात गेले. लोकांनी त्यांना उचललं, तेव्हा आधी त्यांनी डबे हलवून कान लावला, आपला हात उचलत नाही हे त्यांना नंतर कळलं, असं अम्मी सांगते. खांदा बसवून झाल्यावर डॉक्टरांनी मोटारसायकल बंद करायला सांगितली. मग डबे एसटीने जायला लागले. कंडक्टर कुरकुर करायचे, कुणीतरी डब्यावरच बसायचं, आणि बाजारात पोहोचून डबा उघडला की वरच्या थराखाली नुसती काच. हळूहळू एकेक बाजार चुकायला लागला. आठवडी बाजारातली जागा कुणाच्या नावावर नसते, बसणाऱ्याची असते. बाऱ्हाळीच्या पिंपळाखाली दुसरा एक मनियार बसायला लागल्याचं अब्बांनी घरी सांगितलं, तेव्हा अम्मीने भाकरी थापायची थांबवली होती.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होते. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मुलींच्या एका भाड्याच्या खोलीत राहायचे आणि रविवारी घरी फोन करायचे. फोनवर अम्मी आधी जेवणाचं विचारायची. मग हळूच विचारायला लागली, की तुझ्या शिक्षणाचं इथल्या कॉलेजात नाही का जमत? स्पष्ट कुणी काही बोलत नव्हतं. पण बाजार गेले तर माझं नांदेडही जाणार, हे मला न सांगताच कळलं होतं. अब्बांनी तरुणपणी एका कंत्राटदाराची जीप चालवली होती. एक जुनी छोटी गाडी घ्यायची, मागची सीट पाडून डबे आडवे ठेवायचे, असं त्यांच्या मनात होतं. होतं नव्हतं ते सगळं त्या गाडीत जाणार होतं. गाडी खराब निघाली असती, तर दुसरी घेण्याची आमची ऐपत नव्हती.

मग मी गाड्या शिकायला बसले. दुसरं काय म्हणणार? मला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. पण खोलीवर बसून मोबाइलवर जुन्या गाड्या पारखण्याचे व्हिडिओ मी परीक्षेच्या अभ्यासासारखे पाहिले. ते दाखवणारे सगळे एकच गोष्ट शिकवायचे: विश्वास ठेवू नका. गाडी चकचकीत असेल तर काहीतरी लपवलंय. मळकी असेल तर निगा राखलेली नाही. विकणारा घाई करत असेल तर संशय घ्या, करत नसेल तर जास्तच घ्या. पायांखालची मॅट उचला, पत्रा ओला आहे का बघा. तुम्ही जाण्याआधी इंजिन गरम करून ठेवलंय का ते बॉनेटला हात लावून पाहा. गाडीच्या अंगावर ठोकलेला चेसिस नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवा. महिनाभरात माझा स्वभावच तसा झाला. मेसची मावशी एक दिवस जास्त प्रेमाने वाढायला लागली, तर वरणाचं काय बिघडलंय असं मनात यायचं.

लातूरची ती गाडी मोबाइलवरच सापडली. पांढरी, छोटी, बरीच जुनी, एकाच मालकाची. फोन एका बाईंनी उचलला. गाडी त्यांच्या मिस्टरांची, ते शाळेत क्लार्क होते, आता नाहीत, असं त्या म्हणाल्या. दलाल असाल तर येऊ नका, हे त्यांनी एकाच फोनवर दोनदा बजावलं. ते मला खटकलं. दलालाला घाबरतो तो गिऱ्हाइकाला काय सांगणार?

माझ्यासोबत नांदेडहून खलील मामू आले. अम्मीचे धाकटे भाऊ, स्टेशनवर ऑटो चालवायचे आणि त्यामुळे चाकं असलेल्या सगळ्या गोष्टींचे जाणकार समजले जायचे. एसटीत लोहा येईपर्यंत त्यांनी मला फसलेल्या गिऱ्हाइकांच्या एवढ्या गोष्टी ऐकवल्या, की परत फिरावं असं वाटायला लागलं. अहमदपूरच्या स्टँडवर अब्बा चढले. अम्मीने बांधून दिलेल्या भाकरी आणि अंबाडीची भाजी आम्ही चाकूरच्या पुढे, गाडीच्या हेलकाव्यात मांडीवर ठेवून खाल्ली. अब्बांनी विचारलं, तुमचं दोघांचं काय ठरलं? मामू म्हणाले, "ठरना क्या है? बाई झूट बोलेंगी, कलेक्टरीणबाई पकडेंगी." कलेक्टरीणबाई म्हणजे मी.

लातुरात त्या फोनवरच्या बाईंचं घर एका जुन्या कॉलनीत होतं. फाटकाच्या आत, पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी. काकू बाहेर आल्या. साठीच्या आसपासच्या, फिकट साडी, बोलताना पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळायच्या. बसा की, आधी चहा घ्या, म्हणाल्या आणि आत गेल्या. मी सरळ जाऊन बॉनेटला हात लावला. गरम होतं. मामूंनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. काकू ट्रे घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, की गाडी आज कुणी चालवली का? त्या म्हणाल्या, "रोज सकाळी मीच चालू करते. चालवता येत न्हाई मला, पण किल्ली फिरवता येती. चालू करून बसते थोडा वेळ." हे उत्तर कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. मला ते खरं वाटेना. कुणी नुसतं चालू करून गाडीत कशाला बसेल?

चहा काचेच्या कपाटातल्या कपांतून आला होता. आमचे कप वेगळे आहेत का, हे मी लपून पाहिलं. आमच्यासारख्या घरांतून आलेल्यांना ही सवय असते. ती चांगली की वाईट, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. काकूंनी आपला चहा त्याच कपातून घेतला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

मग पारख सुरू झाली. मी मॅटा उचलल्या, पत्रा कोरडा होता. इंजिनातली तेलाची पट्टी काढून पाहिली, टायर पाहिले, मामूंनी गाडी चालू करून सायलेन्सरच्या धुरापुढे रुमाल धरला. अब्बा बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत गाडीभोवती फिरले, जसे ते बांगड्यांच्या जुडीवर वाजवून तडा शोधतात. सगळी गाडी वाजवून झाल्यावर म्हणाले, मला काही समजत नाही, काचेची असती तर सांगितलं असतं. काकू पहिल्यांदाच हसल्या. पण मी हसले नाही, कारण मला तेवढ्यात मागची सीट दिसली होती. पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं विटलेली, शिवण उसवलेली. मागच्या सीटला मात्र कोरं करकरीत कव्हर, खालून घट्ट शिवून टाकलेलं. मामू माझ्या कानाशी लागले. "बुढ्ढी को नई साडी कायकू पेनाये? वो बी पीछूच?" मी काकूंना विचारलं. मागचं फाटलं होतं म्हणून बदललं, असं त्या म्हणाल्या आणि पदर बोटाला गुंडाळायला लागल्या. पुढचंही फाटलंच आहे की, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

मग त्यांनीच अब्बांना विचारलं, "यात काय भरणार तुम्ही?" गाडीत कोण बसणार असं नाही, काय भरणार असं विचारलं. माझे कान तापले. आजकाल आमच्या लोकांना कुठल्याही गाडीत काय आहे हे विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याच्या मनात काय असतं ते आम्हाला माहीत असतं. मामूंचा चेहराही बदलला. अब्बा मात्र साधेपणाने म्हणाले, बांगड्या, ताई. आठवडी बाजार करतो. काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बांगड्या," एवढंच म्हणाल्या. त्या आवाजात मला जे ऐकू आलं त्याला तेव्हा माझ्याजवळ शब्द नव्हता, म्हणून मी त्याचाही संशयच घेतला.

शेवटी चेसिस नंबर. या गाडीचा तो बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, हे मी पाठ करून आले होते. कागदावरचा नंबर मोबाइलवर काढून मी वाकले. नंबराच्या जागी नंबर नव्हताच. तिथे लालसर काळी खपली होती, बोटभर जाडीची, कडेला पिवळट, धूळ आणि तेल पिऊन दगड झालेली. नंबर घासून वरून काहीतरी थापलंय, असंच वाटलं. मामूंनी पाहिलं आणि मला बाजूला ओढलं. "चोरी की है. चलो." अब्बाही वाकले. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं नाक जवळ नेलं. मग हळूच म्हणाले, "कुंकू हाय हे. हळद-कुंकू."

काकू मागेच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, की त्यांचे मिस्टर दर दसऱ्याला गाडी धुवायचे, हार घालायचे, चाकापाशी नारळ फोडायचे. बाकीचे लोक बॉनेटवर कुंकू लावतात. ते म्हणायचे, राबतं इंजिन, मग पूजा पत्र्याची कशाला? म्हणून बॉनेट उघडून आत लावायचे, दर वर्षी त्याच जागी, आदल्या वर्षीचं न पुसता. मी मान हलवली. पण डोक्यात तेच घोळत होतं: नेमकी नंबराचीच जागा? एवढ्या मोठ्या इंजिनात दुसरी जागा नव्हती? लपवायला यापेक्षा चांगलं काय सापडेल? खरवडायला कुणाची हिंमत होणार? आमची तर नाहीच नाही. तिथे नख लावलं आणि ही बाई ओरडली, तर त्या कॉलनीतून बाहेर कसं पडायचं, इथवर माझा विचार गेला होता. तरी मी म्हणाले, काकू, नंबर बघितल्याशिवाय घेता येणार नाही.

"खरवडायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मामू फाटकाकडे वळलेसुद्धा. मीही मोबाइल पर्समध्ये टाकला. वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, कारण शेवटी माझा संशय खरा ठरत होता. अब्बा तेवढे हलले नाहीत. ते नेहमीप्रमाणे समोरच्या बाईच्या हातांकडे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "ही पोरगी शिकून राहिली. नंबर बघितल्याबिगर तिला झोप येणार न्हाई. अन् ती म्हणल्याबिगर मी घेणार न्हाई. आम्ही हात लावत न्हाई. तुमच्या हातानं दाखवा."

काकू आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. कुणाला तरी फोन करून बोलावणार, असं मामू म्हणाले. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात खोबरेल तेलाची वाटी, कापूस आणि एक रिकामी स्टीलची डबी होती. त्यांनी पदर खोचला, वाकल्या आणि खपलीवर तेलाचा बोळा धरून बसल्या, तान्ह्या बाळाच्या टाळूवर धरतात तसा. खपली मऊ झाली की अंगठ्याने थोडी उचलायच्या आणि डबीत ठेवायच्या. एकेक अक्षर वर यायला लागलं. त्या वाचायच्या, मी मोबाइलवर बघायचे. एका आकड्यात कुंकू घट्ट बसलं होतं. तो मला तीन वाटेना, आठ वाटेना. मी पुन्हा पुसायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पुसलं. सगळे जुळले. कुठे घासल्याची खूण नव्हती. वरच्या कुंकवाने खालचा पत्रा असा राखला होता, की बाकी गाडीवर नव्हता तेवढा रंग तिथे ताजा होता.

तरी मी थांबले नाही. आज मला त्या मुलीचं कौतुक वाटतं आणि तिला जरा गप्प बसवावंसंही वाटतं. मी विचारलं, काकू, या गाडीत कधी काही झालं होतं का?

त्या डबीचं झाकण लावत होत्या. "गाडीनं आम्हाला कधी वाटेत सोडलं न्हाई," म्हणाल्या. मग मी विचारलं, काका वारले ते कुठे? "दवाखान्यात."

गाडी घेतली. नावावर करायचे सोपस्कार झाल्यावर अब्बाच ती मुखेडला घेऊन आले. मामू शेजारी बसून प्रत्येक गिअरला सूचना करत होते. घाटात गाडी थांबेल, उतारावर ब्रेक लागणार नाही, असं मला पुढचे कित्येक आठवडे वाटत राहिलं. रविवारी फोन केला की मी आधी गाडीचं विचारायचे. ती चालत राहिली. अब्बांनी मागची सीट पाडलीच नाही. डबे सीटवर ठेवून दोरीने बांधले की काच कमी फुटते, असं त्यांना आढळलं होतं. बाऱ्हाळीची पिंपळाखालची जागा काही परत मिळाली नाही, पण शेजारची मिळाली. अम्मीने नांदेडच्या कॉलेजचा विषय पुन्हा काढला नाही. माझी पदवी त्या मागच्या सीटवरून आली, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते हसतात.

पण त्या सीटचं अजून सांगायचं राहिलंय. दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी आले होते. अब्बा अंगणात गाडी धूत होते. दसऱ्याला बाजारातले सगळेच आपापली साधनं धुऊनपुसून ठेवतात, आम्हीही ठेवतो. मी आतून झाडत होते. डब्यांच्या घासण्याने मागच्या कव्हरची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती. आतला कचरा काढायला मी हात घातला आणि बोटाला टोचलं. जुन्या सीटच्या खाचेत, नव्या कव्हरच्या खाली, हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. मी ओंजळीत घेऊन अब्बांकडे गेले. ते म्हणाले, या आपल्या न्हाईत. तेवढं मलाही कळत होतं, मनियाराचीच पोरगी मी. आमचा माल कोरा असतो. या रोजच्या वापराने, भांड्या-पाण्याने आतून झिजून मऊ झालेल्या, वर्षानुवर्षं एकाच हातात राहिलेल्या बांगड्या होत्या. आणि हे कव्हर आम्ही घेण्याआधीच शिवलेलं होतं.

अब्बा नळ तसाच सोडून तुकड्यांवर वाकले. "मागं बसली होती ती लातूरची ताई," ते म्हणाले. "नवऱ्याला धरून. दवाखाना आलाच न्हाई." म्हणजे माझा संशय खरा होता. महिनाभर शिकलेलं वाया गेलं नव्हतं. कव्हर काहीतरी झाकतच होतं, आणि मी विचारलं तेव्हा ती खरं बोलली नव्हती. मी हे बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अब्बांचा फोन वाजला. हात साबणाचे होते म्हणून त्यांनी मला तो उचलून स्पीकरवर टाकायला सांगितलं. लातूरच्या काकू होत्या. आधी अम्मीची, माझी खुशाली विचारली. गाडी धुतली का? धुतली. हार घातला का? अब्बा म्हणाले, झेंडूचा आणलाय, घालतो. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "मागचं ते कव्हर... बरं हाय ना? काही निघालं तर न्हाई ना तिथं?"

मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी साबणाचा हात वर करून मला गप्प केलं.

"न्हाई, ताई," ते म्हणाले. "काही न्हाई निघालं. गाडी लई चांगली हाय तुमची."

फोन ठेवल्यावर त्यांनी हात धुतले, लुंगीला पुसले आणि माझ्या ओंजळीतले तुकडे घेतले. आमच्या घरात फुटक्या काचेसाठी एक पत्र्याचा डबा असतो. व्यापारी आला की ती काच वितळवायला जाते. ते त्या डब्याकडे गेले नाहीत. वाकून त्यांनी तुकडे होते तिथे, सीटच्या खाचेत सरकवले, आणि वर कव्हर ओढून घेतलं. तिथे नाहीतरी कुणी बसत नाही, म्हणाले. मग मला सुई-दोरा आणायला पाठवलं.